घुंगरांची काठी आणि माझे दार

मित्रांनो, शिंदखेड्याहून तापीकडे निघालात की डाव्या हाताला काळ्या दगडाचा एक जुना राजवाडा लागतो. तो मीच. आता माझ्या कपाळावर निळ्या दिव्यांची पाटी आहे आणि तिच्यावर 'हॉटेल' असे लिहिले आहे. वाचून हसू नका. या वयात आपल्या कपाळावर काय लिहिले जावे, हे कोणी आपल्याला विचारत नाही.

माझा जन्म एका जहागीरदाराच्या हौसेतून झाला. दगड जवळच्या टेकडीतला, सागवान सातपुड्यातले, बैलगाड्यांनी आणलेले. माझ्या दरवाजातून अंबारीसकट हत्ती आत यावा, अशी त्यांची फार इच्छा होती. हत्ती काही त्यांना परवडला नाही, पण दरवाजा मात्र तेवढा उंच झाला. त्या दरवाजाचा मला आजही अभिमान आहे. मी सांगणार आहे ती गोष्ट त्याच दरवाजातली आहे.

पुष्कळ वर्षे मी मान भोगला. मग जहागिरी गेल्या, माणसे शहरात राहायला गेली. माझ्या दरबारात आधी कापसाच्या गाठी रचल्या, नंतर धान्याची पोती, नंतर काहीच नाही. वटवाघळांनी माझ्या छताचा ताबा घेतला. एका पावसाळ्यात मागची भिंत बसली, तर बघायलाही कोणी आले नाही. खरे सांगतो, तेव्हा मी पडून जायची वाट पाहत होतो.

मग जामनेरहून जितेंद्र शेठ आले. त्यांनी मला विकत घेतले, भिंत उभी केली, तुळयांना तेल पाजले. जिथे घोडे बांधत, तिथे 'रॉयल सूट' झाले. घोड्यांना कळते तर त्यांनी काय चेहरा केला असता! दरबारात शेवभाजी आणि वांग्याचे भरीत वाढू लागले. पाहुणे भिंतींवर हात फिरवून वाहवा करीत. मी पार सुखावून गेलो. जितेंद्र शेठ वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट असते तर माझे दुःख सोपे झाले असते.

माझ्या मागच्या नाल्यापलीकडे बौद्ध वस्ती आहे. तिथला राजदीप हॉटेलचा कोर्स करून पुण्यात एका मोठ्या हॉटेलच्या काउंटरवर काम करीत होता. घरी त्याचे आजोबा, चिंधा आबा, एकटेच. त्यांना डोळ्यांनी फार कमी दिसू लागले, तेव्हा राजदीप पुणे सोडून परत आला आणि माझ्याकडे नोकरीला लागला. शेठ म्हणाले, "काउंटर तुलाच देणार. दिवाळीपर्यंत दारात उभा राहून पाहुण्यांचं स्वागत कर, मग काउंटर तुझं." राजदीपला तेवढेच हवे होते. आबांनी साऱ्या वस्तीत सांगितले, "मना नातू राजवाडाना काउंटरवर बसनार शे."

त्याच दिवसांत माळा साफ करताना एक काठी सापडली. जाडजूड, वरच्या टोकाला पितळी घुंगरांचा झुबका. शेठना वाटले, दरबारातल्या चोपदाराची असणार. त्यांनी घुंगरे चिंचेने घासून लखलखीत केली, राजदीपला लाल फेटा बांधला आणि काठी त्याच्या हातात दिली. पाहुण्यांची गाडी आली की त्याने काठी उंबऱ्यावर आपटायची आणि "यावं महाराज!" म्हणायचे. पाहुणे खूश, शेठही खूश.

पण मित्रांनो, ती चोपदाराची काठी नव्हती. ती येसकराची होती. गावाचे निरोप पोचवायचे, साहेबांचे सामान वाहायचे, रात्री गस्त घालायची, हे काम येसकराचे. ते कोणी हौसेने घेत नसे. एका समाजाच्या माणसांवर ते जन्मानेच पडायचे. शेवटचा येसकर बुधा. आयुष्यभर तो माझ्या दारात आला, पण उंबऱ्याच्या आत त्याला कोणी घेतले नाही. वस्तीने बौद्ध धम्म स्वीकारला, त्या वर्षी बुधाने ती काठी माझ्या दारात आणून टाकली आणि मान ताठ ठेवून निघून गेला. कारभाऱ्याने ती माळ्यावर फेकली. त्या बुधाचा मुलगा म्हणजे आपले चिंधा आबा. हे मला ठाऊक होते, पण दगडाचे कोण ऐकतो?

दिवाळी तोंडावर आली होती. एका रविवारी दुपारी राजदीपने आबांना रिक्षाने बोलावून घेतले. नातवाची ऐट त्यांनी बघावी, असे त्याला वाटत होते. आबा पांढराशुभ्र सदरा घालून आले. ते पायऱ्या चढत होते, तेवढ्यात एक गाडी आली आणि राजदीपने काठी आपटली. घुंगरे वाजली. आबा होते तिथेच थांबले. त्यांना काठी नीट दिसतही नव्हती. आवाज मात्र लहानपणापासून त्यांच्या कानात होता.

"हाई काठी कोनी दिधी तुले?" त्यांनी विचारले.

"शेठनी. माळावर सापडनी. कशी शे, आबा?"

आबांनी घुंगरांवरून बोटे फिरवली. "मना बापनी शे."

राजदीपचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. "आपली? आपला घरनी?" असे म्हणत त्याने शेठना हाक मारली. शेठ धावत आले. ऐकल्याबरोबर त्यांनी आबांच्या पायांना हात लावला. "काय सांगता बाबा! म्हणजे पिढ्यांची परंपरा आहे ही! थांबा, एक फोटो घेऊ."

"परंपरा नही, भाऊ," आबा म्हणाले. "बिगार व्हती. मना बाप हाई वाजाडत दारलगून ये. भर पावसात बाहेर उभा ऱ्हाये. मझार त्याले कधीच कोनी येऊ दिधं नही. त्यानी हाई टाकी दिधी, म्हनीसन मी शाळामा गऊ."

राजदीप हातातल्या काठीकडे बघत राहिला. शेठ खरोखरच ओशाळले. मग म्हणाले, "बाबा, ते दिवस गेले. आज याच काठीला लोक हात जोडतात. हा मानच झाला ना?"

"शेठ, मला काउंटरला बसवा. आजपासून," राजदीप म्हणाला.

शेठनी मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, काउंटरवर कोणीही बसेल. हे तुझ्याशिवाय कोणाला जमणार? तुझ्या रक्तात आहे ते."

राजदीपने आबांना रिक्षात बसवले. आबा म्हणाले, "तू पुनाले निंघी जाय. मी मनं देखी लिसू."

"तुमले कोन देखी?"

रिक्षा गेली.

दिवाळी झाली. काउंटरवर धुळ्याचा एक मुलगा बसला. शेठ आता प्रत्येक पाहुण्याला कौतुकाने सांगतात, "याचे पणजोबाही इथेच उभे असायचे." पाहुणे टाळ्या वाजवतात. राजदीप हसतो. तसे हसायला त्याच्या कोर्समध्ये शिकवले आहे. वारा नाल्याच्या दिशेने वाहत असला की घुंगरांचा आवाज वस्तीपर्यंत जातो, आणि भर दुपारी तिथले एक दार बंद होते. माझ्या गच्चीवरून ते स्पष्ट दिसते. मला त्याचे फार वाईट वाटते.

मित्रांनो, माझ्यासारखी म्हातारी वास्तू शेवटी तुम्हाला म्हणते, मला जपा. मी तसे म्हणत नाही; मला जपायला पुष्कळ माणसे आहेत. माझ्यावर दिवे आहेत, रंग आहे, महिन्याला पाण्याचा फवारा आहे. तुम्ही आलात तर दारातल्या मुलाला त्याचे नाव विचारा, तो काय शिकला आहे ते विचारा. एवढेच माझे मागणे आहे. पण तुम्ही विचाराल, अशी आशा मी आता धरत नाही. गेल्या आठवड्यात नशिराबादच्या एका शाळेची सहल आली होती. मुले रांगेने राजदीपच्या शेजारी उभी राहून फोटो काढून घेत होती. मोबाईल धरलेल्या बाई म्हणाल्या, "दादा, काठी जरा वर धरा ना, दिसत नाहीये."

त्याने ती वर धरली.