हशा ऐकणारा माईक

मी एक जुना माईक आहे. कारखान्यातून निघालो तो थेट एका छोट्या नाट्यगृहात आलो. सुरुवातीची वर्षे भाषणे आणि सत्कार ऐकण्यात गेली. मग एके दिवशी मला 'बत्तीशी' नावाच्या माणसाने हातात घेतले. हा चष्म्याच्या दुकानात काम करायचा आणि संध्याकाळी विनोद सांगायचा. त्याला ऐकून लोक बत्तीशी दाखवायचे, म्हणून हे नाव पडले. त्याच्यामुळे माझेही दिवस पालटले. मला रोज पुसले जाऊ लागले.

मित्रांनो, लोकांना त्याचे शब्द ऐकू यायचे. मला दोन शब्दांमधला श्वासही ऐकू यायचा. हळूहळू तो श्वास जड होऊ लागला.

"झोप माझ्यावर रुसून माहेरी गेलीय," तो म्हणायचा. "आणायला जावं, तर तिचं माहेरच सापडत नाही." लोक पोट धरून हसायचे. नाट्यगृहाचा मॅनेजर म्हणाला की असलेच विनोद वाढव, रडक्या माणसाची गंमत लोकांना आवडते. बत्तीशीची थोरली बहीण शिंपीकाम करायची. त्याचा कोट तिने दोनदा आत घेतला, तरी तो पुन्हा सैल झाला. तिने काही विचारले की तो विनोद करायचा आणि तिलाही हसू फुटायचे. तिथेच विषय संपायचा.

मग एका भरगच्च प्रयोगात तो म्हणाला, "परवा घरातून गायब होऊन बघितलं. कुणी विचारलंसुद्धा नाही. आता कायमचंच जावं म्हणतो."

सभागृह हशाने दणाणले. एरवी तो हशा ओसरेपर्यंत थांबायचा. त्या दिवशी थांबला नाही. त्याने मला अलगद जमिनीवर ठेवले आणि तो पडद्याआड निघाला. हाही खेळाचाच भाग समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पहिल्या रांगेत बसलेली त्याची ताई मात्र धावत रंगमंचावर चढली. तिने त्याचा दंड धरला.

"आत्ता बोललास ते खरं होतं ना?"

"का गं, जमला नाही का विनोद?"

"मला हसवू नकोस. खरं सांग."

"हो, ताई. खरं होतं."

मी चालूच होतो. ते सगळ्यांना ऐकू गेले आणि टाळ्या विरल्या. आवाज सांभाळणाऱ्या बाईंनी घाईने मला बंद केले. तरी मला ऐकू येत होते. ताई त्याला रागावली नाही, की समजावत बसली नाही. "चल, दोघं मिळून डॉक्टरकडे जाऊ," एवढेच म्हणाली.

उपचार लांबले. मी कपाटात धूळ खात पडलो. पुढे तो परत आला, पण पूर्वीसारखा रोज नाही. अजून काही संध्याकाळी त्याचा श्वास जड होतो, आणि लोक हसतच असतात. तेव्हा मला भीती वाटते.

मित्रांनो, तुमच्याही वर्गात, घरात सगळ्यांना हसवणारे कुणीतरी असेल. त्याच्या विनोदावर जरूर हसा. मग जवळ जाऊन विचारा, "तू बरा आहेस ना?" मी सगळे ऐकतो, पण मला विचारता येत नाही.