शाफ्टचं पोट

तेजल नाशिकजवळ सातपूरच्या एका लहान कारखान्यात तपासणीचं काम करायची. त्या आठवड्यात पंपाच्या शाफ्टची नवी ऑर्डर आली. ड्रॉइंगवर व्यासाच्या मर्यादेशिवाय आणखी एक खूण होती: दोन तिरप्या रेघांच्या मधे वर्तुळ. म्हणजे नुसती जाडी बरोबर असून भागणार नव्हतं. शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा गोल आणि सरळ हवा होता.

तिनं मायक्रोमीटर लावला. टोकं ठीक, मधला भाग किंचित जाड. प्रत्येक माप मर्यादेत, पण शाफ्टला पोट आलेलं. दुसराही तसाच, तिसराही.

मालक शेखरभाऊ ग्राइंडिंग मशीनपाशी वैतागून उभे होते. "अश्विनला फोन लाव बरं," ते म्हणाले. "हे मशीन त्याच्याइतकं कुणाला कळलं नाही."

अश्विन दिवाळीनंतर चाकणच्या मोठ्या कंपनीत गेला होता. जाताना "फोन करतो" म्हणाला, पण केला नाही. तिनंही केला नाही. करायला काही कारणच सापडत नव्हतं. आता कारण होतं, तर बोटं चालेनात.

त्यानं लगेच उचलला. "तेजल?"

तिनं घाईघाईनं शाफ्टचंच सांगितलं.

"लांब आहे ना? घासणाऱ्या दगडाच्या दाबानं मधे वाकतोय. म्हणून तिथं कमी घासला जातो. मधे स्टेडीचा आधार द्या आणि शेवटचा कट अगदी हलका घ्या."

"बरं."

"बरं," तोही म्हणाला. मग त्याला कुणीतरी हाक मारली.

दुपारनंतर शाफ्ट पास व्हायला लागले. सुटी झाल्यावर बस स्टॉपवरून तिनं पुन्हा फोन लावला.

"जमलं?"

"जमलं."

"मग?"

"मग काही नाही. सहज केला."

"मी कितीदा नंबर काढून बसलो, माहितीये?"

"नाशिकला कधी येतोस?"

"आईलाच इकडं आणतोय. खोली घेतली मोठी."

त्याची आई इथं आहे तोवर तो येईल, अशी तिची आशा होती. "बरं झालं," ती म्हणाली. "त्यांची आबाळ व्हायची. ठेवते मग."

"तेजल, ठेवू नकोस."

"नाही ठेवत."

"तिकडचं सांग. काहीही सांग."

तिची निमाणीची बस आली. तिनं ती जाऊ दिली आणि सांगायला लागली.