सत्ताविसावं कोडं

विलासला मी दहापैकी सहाच्या वर गुण कधी दिले नाहीत. सहा वर्षं, दर आठवड्याला.

'खाडीकाठ' हे ठाण्याचं साप्ताहिक रविवारी निघायचं. शेवटच्या पानावर विलास 'चकवा' या नावानं गूढ शब्दकोडं द्यायचा, आणि पुढच्या रविवारी त्याच पानावर मी त्याचं परीक्षण करायचो. कुठलं शोधसूत्र झकास, कुठलं ओढूनताणून आणलेलं, आणि शेवटी गुण. 'सूर्यावर घाव घातला की सुट्टी' हे शोधसूत्र, उत्तर 'रविवार'. यावर मी लिहिलं होतं, 'पोरखेळ. साडेचार.' तो वाशीत आमच्याच इमारतीत, माझ्या डोक्यावरच्या खोलीत राहायचा. परीक्षण वाचलं की वरून जमिनीवर पाय आपटायचा, आणि मी खालून काठीनं छताला ठोकायचो. तेवढीच आमची मैत्री, पण ती रोकडी.

तो बेलापूर पट्टीतल्या रसायनाच्या कारखान्यात होता. मी कांदा-बटाटा बाजारात हिशेबाच्या वह्या लिहायचो. त्र्याऐंशी साली कारखान्याला टाळं लागलं आणि विलास गप्प झाला. पाय आपटणंही बंद. एप्रिलच्या शेवटी एका सकाळी 'नेरूळला एकाला भेटून येतो' म्हणून निघाला, तो आलाच नाही. तिसऱ्या दिवशी खाडीपुलाखाली त्याच्या चपला सापडल्या. देह काही सापडला नाही. पोलिसांनी कागदावर 'बेपत्ता' लिहिलं आणि तोंडानं वेगळं सांगितलं.

त्यानंतरच्या रविवारी 'चकवा'चं कोडं नेहमीसारखं छापून आलं.

त्याची बायको जयमाला खाली आली. हातात अंक. "भाऊजी, हे त्यांचंच ना?"

"त्याचंच," मी म्हणालो. "कडक चहाचं शोधसूत्र दुसरं कोण घालणार?" उजवीकडून वाचा की डावीकडून, चहा असाच हवा. हे त्यानं माझ्याच ओट्यावर बसून रचलं होतं.

मग ती दर रविवारी यायची. प्रश्न तोच, उत्तर तेच. मला वाटायचं, बिचारी उत्तरांत त्याचा ठावठिकाणा शोधतेय. पण उत्तर काय आलं हे तिनं एकदाही विचारलं नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. दुसऱ्याच्या आकड्यातली चूक मी लांबून ओळखतो, असं बाजारात माझं नाव आहे.

सप्टेंबरात संपादक बाजीराव म्हणाले, "मारोतीराव, चकवाची फक्त चार उरलीत."

"म्हणजे?"

"अहो, चौकटींचे जस्ताचे ब्लॉक एकदम करून घेतले की स्वस्त पडतात. म्हणून मी सहा महिन्यांची कोडी एकगठ्ठा घेतो. एप्रिलमध्ये दिली होती बिचाऱ्यानं. आता पुढं काय करू?"

म्हणजे जयमाला दर रविवारी जे उराशी धरून नेत होती, ते नवऱ्यानं जायच्या आधीच बांधून ठेवलेलं गाठोडं होतं.

"मी करून देतो," मी म्हणालो. "नाव चकवाच राहू द्या. तिचा रविवार एकदम रिकामा नको जायला."

बाजीरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "तिच्यासाठी की तुमच्यासाठी?"

"दोघांसाठी, समजा."

खरं सांगायचं तर माझा वाटा मोठा होता. सहा वर्षं दुसऱ्याचं कोडं तोलत बसलेल्या माणसाला एकदा स्वतःचं मांडून बघायचं असतं. एकोणीस दिवस लागले. कोडं दिलं त्याच दिवशी त्याचं परीक्षणही लिहून दिलं, कारण दिवाळीमुळे छापखान्याला मजकूर आधी हवा होता. परीक्षणात लिहिलं: 'ही चाल चकवाशिवाय दुसऱ्या कुणाला जमायची नाही.' आणि गुण दिले नऊ. दहा द्यायला हात धजला नाही, एवढी माझी सभ्यता.

कोडं छापून आलं त्या रविवारी जयमाला पायऱ्यांवरून पळतच खाली आली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"भाऊजी, हे त्यांचंच ना?"

"त्याचंच," सवयीनं बोललो.

ती दारातच खाली बसली. आधी हसली, मग पदर तोंडात कोंबला. "मी सव्वीसच आखल्या होत्या, भाऊजी."

"काय आखल्या होत्या?"

"चौकटी. त्यांच्या हातून रेघ सरळ यायची नाही. आलेखाच्या कागदावर मीच आखून द्यायची. एप्रिलात सव्वीस आखल्या, सव्वीस त्यांनी भरल्या. तेव्हापासून मोजतेय. सव्वीस संपली की समजायचं, संपलं. दादाला तसंच कळवलं होतं, सव्विसावं आलं की टेम्पो घेऊन ये. पुढच्या रविवारी येतोय तो, मला महाडला न्यायला." तिनं अंक छातीशी धरला. "हे सत्ताविसावं आहे. कुठंतरी बसून स्वतःच्या हातानं आखलंय त्यांनी. बघा ना, आहेत ते!"

तेव्हाच बोलायला हवं होतं. ती वर गेली आणि सहा महिन्यांनी माझ्या डोक्यावर पावलं वाजली. ती घरभर फिरत होती.

सोमवारी ठाण्याला धावलो. "बाजीराव, परीक्षण काढा."

"छापून गठ्ठे बांधले मारोतीराव. दिवाळी आहे. एवढं काय टेन्शन आहे?"

आठवडाभर मी बाजारातून उशिरा घरी यायचो आणि चोरासारखा जिना चढायचो. तिनं शेजारी साखर वाटली. पोलीस चौकीत अंक दाखवून आली. खोली सोडणार नाही म्हणून मालकिणीला, गिरजाबाईंना, सांगून आली. पावलागणिक माझी चूक पक्की होत होती.

रविवारी सकाळी खाली टेम्पो येऊन उभा राहिला. तिचा भाऊ नामदेव वर गेला आणि लगेच चढ्या आवाजात बोलणं सुरू झालं. मी कोड्याची माझी प्रत घेतली आणि वर गेलो.

"तुम्हीच समजवा हो काका," नामदेव म्हणाला. "रिकामा टेम्पो परत ने म्हणते. मी वाट बघतोय सहा महिने, घरी आई वाट बघतेय."

"जयमाला," मी म्हणालो, "ते कोडं मी केलं."

मग तिनं त्या दिवशीचा अंक माझ्यापुढे धरला. दिवाळीच्या जाहिरातींनी कोड्याची जागा खाल्ली होती, परीक्षण मात्र होतं. तिनं बोट ठेवून वाचलं, "'ही चाल चकवाशिवाय दुसऱ्या कुणाला जमायची नाही.' कुणी लिहिलंय हे?"

"मीच. खोटं लिहिलं."

"नऊ गुण! त्यांना कधी सहाच्या वर चढू दिलं नाहीत, आणि आता ते जिवंत निघाले तर तेही तुम्ही केलं म्हणता? पोटात दुखतंय का भाऊजी?"

"ही बघ माझी प्रत. हे माझं अक्षर."

"भरलेली चौकट आहे. अंकावरून सोडवली तरी अशीच दिसते." बरोबर होतं. रचलेलं कोडं आणि सुटलेलं कोडं कागदावर सारखंच दिसतं.

तिनं पत्र्याची पेटी उघडली आणि आलेखाचा कोरा कागद काढला. पट्टी ठेवून पेन्सिलीनं तीन बाय तीनची चौकट आखली, एका दमात, एकही रेघ न हलता. कागद माझ्यापुढे सरकवला.

"मग करून दाखवा. इथं, माझ्यासमोर."

खालून टेम्पोवाला ओरडला, "अरं येतंय का नाय कोन? नायतर मना सानपाड्याला दुसरं भाडं हाय!"

मी जमिनीवर बसलो. पेन्सिल हातात घेतली. मनात आलं, जमत नाही म्हणून उठावं. ती टेम्पो परत पाठवेल, दर रविवारी खाली येईल, आणि मी 'त्याचंच' म्हणत राहीन. किती सोपं होतं. वर एकटी बाई, खाली खोटं बोलणारा मी, आणि मधे तो स्लॅब.

मी पहिल्या ओळीत 'नवल' लिहिलं. 'न'वरून खाली 'नजर', 'ल'वरून खाली 'लवण'. तळाची ओळ 'र'नं सुरू होऊन 'ण'ला संपायला हवी होती. 'रक्षण' बसलं. मधलं घर काळं केलं. ज्याला एकोणीस दिवस लागले होते, ते आज दोन मिनिटांत चालून येत होतं, आणि थांबवता येत नव्हतं.

"शोधसूत्र," ती म्हणाली.

मी कडेला लिहिलं: 'आधी नकार, मग अट, लहान पोराला लागते ती.'

तिचे ओठ हलले. "न... जर..." ती पुटपुटली. "नजर."

मी पुढचं शोधसूत्र लिहायला घेतलं. तिनं कागदावर पंजा ठेवला, सगळी चौकट झाकेल असा.

"पुरे."

नामदेव भिंतीला टेकून उभा होता. त्याला यातलं काही कळलं नव्हतं, पण बहिणीच्या खांद्यांकडे बघून तो पुढे आला आणि तिथंच थांबला. ती रडली नाही. माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली, पट्टीबरोबर पेटीत ठेवली.

"त्यांच्यापेक्षा बरं जमतं तुम्हाला," ती म्हणाली.

सहा वर्षं मी हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला टपलो होतो.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. कपाळाला हात लावला, टिकली काढायला गेली, आणि काढली नाही. चुलीजवळची भांडी गोळा करायला लागली. "दादा, पेटी आधी घे. जड आहे."

नामदेवनं पेटीची एक कडी धरली आणि माझ्याकडे पाहिलं. "धरा हो काका एक बाजू."

मी धरली. जिना अरुंद होता, मला उलट्या पायांनी उतरावं लागलं. प्रत्येक पायरीवर पेटी माझ्या छातीवर येत होती, आणि आत पट्टी या कडेवरून त्या कडेवर आपटत होती.