पडद्याआडची पॅसेंजर

शिमुलडांगा स्टेशनात त्या सकाळी दोन रुळांच्या मधोमध हिरवा पडदा लागला. कशासाठी? तर कडेच्या रुळावर खोळंबलेली पॅसेंजर आणि तिच्यातल्या छाना, म्हणजे ओलं पनीर, विकणाऱ्या बायका मुख्य रुळावरून जाणाऱ्या खासगी रेल्वेगाडीतल्या पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून! गाडी चालवणाऱ्या कंपनीने तक्रार केली, वरून हुकूम आला आणि स्टेशनमास्तर निरुपम घोषालांनी तो निमूटपणे पाळला. शिसारी यावी अशीच गोष्ट. पण खुर्चीत बसलं की माणसाला शिसारीचीही सवय होते.

खासगी गाडीला वाट देण्यासाठी पॅसेंजर रोज पन्नास मिनिटं अडायची. त्या गाडीला उशीर झाला तर घोषालांना जाब द्यावा लागे. पॅसेंजरबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे.

पडद्याखालून वाकून ननीबाला थेट ऑफिसात शिरली. साठी उलटलेली ही बाई तीस वर्षं दूध फाडून काढलेला छाना कोलकात्याच्या मिठाईवाल्यांना पोचवत आली होती. तिच्या टोपलीतून आंबूस पाणी ठिबकत होतं.

"काकीमा, टोपली बाहेर! फरशी खराब होते."

"फरशी दिसते होय, मास्टरबाबू? छाना नासला तो नाही दिसत! कोलकात्याला पोचेपर्यंत नऊ वाजून गेले की मिठाईवाला ढुंकूनही बघत नाही."

"मी काय करणार? ती गाडी कमाईची, तुमची तोट्याची. हे बघा, दोन वर्षांत तुमची तिकिटं निम्म्यावर आली. 'प्रवासी नाहीत, गाडी बंद करावी' असा अहवाल दुपारी पाठवायचाय."

ननीबालाने टोपली तिथेच फरशीवर ठेवली. "बंद? अहो, बसवाला ओल्या टोपल्या चढवू देत नाही. अकरा गावांच्या चुली या गाडीवर पेटतात!"

"वरच्यांना ते कोण सांगणार?"

"तुम्ही! रूळ कुणाचे?"

"सरकारचे."

"सिग्नल? तुमचा पगार?"

"तोही सरकारचाच."

"म्हणजे सगळ्या लोकांचा. त्या कंपनीचं काय, तर गाद्या आणि चहा! चांगली वेळ तिला, मोकळा रूळ तिला. आम्हाला रोज अडवायचं, माणसं वैतागून गाडी सोडतात, मग तुम्ही तिकिटं मोजायला बसता. ताटच पुढे करायचं नाही आणि वर म्हणायचं, हे जेवतच नाहीत! थू!"

तेवढ्यात खासगी गाडी आली. दोन मिनिटं थांबली. घोषाल हिरवी झेंडी घेऊन दारात उभे राहिले. काचेआड निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. इतके दिवस ते हे बघत होते, पण त्या गाडीतली माणसं मोजायला त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं!

गाडी गेली. घोषालांना स्वतःचीच किळस आली. रिकाम्या खुर्च्यांसाठी आपण भरल्या टोपल्या नासवल्या!

ते टेबलाशी बसले आणि त्यांनी अहवालावर लिहिलं, 'प्रवासी आहेत. ही गाडी वरच्या हुकमाने मी रोज पन्नास मिनिटं अडवतो, म्हणून निम्मे सोडून गेले. आधी गाडी वेळेवर चालवावी आणि मोजणी दोन्ही गाड्यांची करावी.' खाली सही ठोकली.

"बदली करतील हो, बाबू," ननीबाला हळूच म्हणाली.

"करू देत. तिथेही हेच लिहीन."

त्या दिवशीचा छाना मात्र वाया गेला; आता तो कोलकात्याला नेण्यात अर्थ नव्हता. ननीबालाने तो पुलाखालच्या नाल्यात ओतला आणि रिकामी टोपली घेऊन घरी गेली.

मंडळी, खासगी गाड्या खुशाल धावोत. हौस असेल त्याने बसावं. पण गरिबाच्या गाडीला आधी लंगडी करायची आणि मग ती पळत नाही म्हणून मोडीत काढायची, याला काटकसर म्हणत नाहीत, चोरी म्हणतात. असा कागद तुमच्या टेबलावर आलाच, तर सही करण्यापूर्वी एवढंच विचारा: हिला लंगडी कुणी केली? उत्तरात आपलंच नाव निघालं, तर ते लिहायची हिंमत ठेवा!