दुपारचं वजन

"संजीवभाई, ट्रक तोच, रेती तेवढीच, भरायला माणसंही तीच. मग तुमच्या पट्टीवर दोन टन वाढतात कुठून?" रियाज केबिनमधून उतरता उतरताच म्हणाला.

संजीवने स्क्रीन पाहिला. बेचाळीस टन, मर्यादा चाळीसची. रियाजचा हा तिसरा ओव्हरलोड. तिसऱ्याला त्याची कंपनी ड्रायव्हरला सरळ मायदेशीच्या विमानात बसवते, हे आखातातल्या त्या सल्वा रोडवर सगळ्यांना पाठ होतं. आणि चिपळूणला रियाजची मुलगी अमिना यंदा कुठे बारावीला गेली होती.

डांबरात पुरलेल्या त्या पट्टीवरून गाड्या न थांबता जायच्या आणि वजन आपोआप नोंदलं जायचं; मर्यादेबाहेर गेलं की लाल दिवा लागून गाडी बाजूला घ्यावी लागायची. दर महिन्याला ठरावीक वजनाचा ट्रक दहा वेळा वरून नेऊन पट्टी जुळवायचं काम संजीवचं, खाली सहीही त्याचीच. सहा वर्षांत आकडा इकडचा तिकडे झाला नव्हता. अल मन्सूरातल्या त्याच्या घरी आलेल्या पाहुण्याला हे ऐकल्याशिवाय चहा मिळत नसे.

"मागचे दोन कधी लागले होते?"

"तिन्ही दुपारचेच. सकाळच्या खेपेला कधी लाल दिवा बघितलात माझा?"

उन्हाच्या धास्तीने इथली कामं पहाटे उरकायची रीत. संजीवनेही प्रत्येक टेस्ट पाचला सुरू करून सातच्या आत खलास केली होती. दुपारी डांबर तापून मऊ पडतं तेव्हा पट्टी काय दाखवते, हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

"यल्ला, चल, गाडी काट्यावर घे."

बाजूचा वजनकाटा एरवी फक्त टेस्टच्या ट्रकासाठी असे. काट्यावर भरले पावणेचाळीस. लगेच पुन्हा पट्टीवरून नेला, तर बेचाळीस.

संजीवने ऑफिसात मॅनेजरला, आबासाहेबांना फोन लावला.

"म्हणजे सहा वर्षांचा डेटा चुकीचा म्हणायचा?" आबासाहेब म्हणाले. "त्यावर सही कुणाची आहे?"

"माझीच, सर."

"मग रिपोर्ट लिहिण्याआधी विचार कर. ही जागा तुझ्याकडे राहायची नाही."

संजीव घाबरला, खोटं कशाला सांगा. बायकोला, शोभाला काय सांगायचं, याचीही जुळवाजुळव करून झाली. बाहेर रियाज ताडपत्रीची दोरी पुन्हा पुन्हा आवळत होता, जशी काही तीच सैल पडली होती. संजीवने कागद ओढला आणि लिहिलं: 'दुपारची नोंद कधीच तपासली नाही. चूक माझी.'

रियाजच्या तिन्ही नोंदी रद्द झाल्या. डांबरात तापमापक बसले, भर दुपारी टेस्ट होऊ लागल्या. त्यांवर सही दुसऱ्याची. संजीवला वजनकाट्यावर बसवलं. तिथे दिवसाला दोन ट्रक आले तर आले.

सप्टेंबरातल्या एका दुपारी रियाजचा ट्रक पट्टीवरून गेला. लाल दिवा लागला नाही. तरी गाडी वळून काट्यावर आली.

"काय रे? लाल नव्हता ना?"

"नव्हता. पण म्हटलं, एकदा तुमच्याकडून तोलून जावं."

संजीवने चिठ्ठीवर 'पावणेचाळीस' लिहिलं आणि खाली सही केली. रियाजने ती नीट घडी करून वरच्या खिशात ठेवली.