चिखलात रुतलेली ‘सवड’

त्या दोन साडूंचं इतकं गूळपीठ होतं की त्यांच्या बायका, म्हणजे सख्ख्या बहिणी, कधीकधी म्हणायच्या, आपण दोघी यांच्यात उगाचच आहोत. थोरल्या साडूचं चष्म्याचं दुकान होतं. बोलणं मोजकं, काम नीटनेटकं, आणि एखादी गोष्ट मनासारखी झाली नाही की रात्रीची झोप उडायची. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला घरीदारी सगळे लिफ्टवालाच म्हणत. तो सासुरवाडीला गेला की सासूसुद्धा विचारायची, लिफ्टवाले जेवले का?

दोघांनी मिळून एक जुनी शिडाची बोट घेतली. गाडीमागे ट्रेलर लावून कुठल्याही तलावावर नेता येईल इतकी लहान, आणि आत दोन माणसं पाय मुडपून झोपतील इतकी मोठी. चष्मेवाल्याच्या अंगणात ती ट्रेलरवर उभी राहिली आणि सुट्टीचा प्रत्येक दिवस तिने गिळला. पोटात छोटा स्टोव्ह बसला, पाण्याचे कॅन बसले, बॅटरी आली, ती भरायला टपावर सौरपट्टी आली. फळ्यांना कड लावली, म्हणजे बोट कलली तरी कप घसरू नयेत. चष्मेवाल्याने प्रथमोपचाराची पेटी स्वतः भरली आणि तीनदा उपसून पुन्हा भरली. थोरली बहीण गाद्यांना खोळी शिवता शिवता म्हणायची की घरचा नळ कधीपासून गळतोय, त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही, आणि बोटीच्या नळाचे मात्र काय हे लाड. बोटीचं नावही तिनेच ठेवलं: ‘सवड’. ही वस्तू तुमच्याकडे फक्त हिच्यासाठी आहे, म्हणाली.

पहिल्या मोठ्या सफरीला ते दोघंच निघाले. थोरलीने फाटकापर्यंत येऊन डबे दिले. तिला काही होत नव्हतं. निदान काही होतंय असं ती म्हणाली नाही.

तलाव मोठा होता, धरणाचा, बाजूंना बोटांसारखे फाटे फुटलेला. पहिल्या दिवशी वारा इतका बेताचा आणि सरळ होता की लिफ्टवाल्याने सुकाणूवर पाय ठेवून सफरचंद खाल्लं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते एका अरुंद फाट्यात शिरले. मोठ्या बोटी तिथे येऊच शकत नाहीत. ‘सवडी’च्या पोटाखालची लोखंडी पाटी मात्र दोर ओढला की वर येते, आणि मग तिला गुडघाभर पाणी पुरतं. या पाटीचा चष्मेवाल्याला फार अभिमान. त्याने पाटी वर घेतली, नांगर टाकला, आणि दोघं निवांत झोपले.

सकाळी चष्मेवाला जागा झाला तो भिंतीवर. म्हणजे बोट एवढी कलली होती की गादी सोडून तो बाजूच्या फळीवर आला होता. वर येऊन बघतो तर पाणी नव्हतं. चहूकडे काळाभोर, चकचकीत चिखल, त्यात एका कुशीवर पडलेली बोट, आणि तलाव खूप लांब, एका रेघेएवढा. धरणाच्या भिंतीचं काहीतरी काम अचानक निघालं होतं आणि रातोरात दरवाजे उघडले होते.

आधी दोघं हसले. मग लिफ्टवाला चाचपून बघायला खाली उतरला आणि कमरेपर्यंत आत गेला. पाय उपसायला गेला तर दुसरा आणखी खोल जाई. चष्मेवाल्याने शिडाचा दोर त्याच्या काखेतून घातला, शीड ओढायच्या चरखीला गुंडाळला आणि इंचाइंचाने त्याला वर ओढलं. एक बूट खालीच राहिला. काठ समोर दिसत होता, काठावरची झाडं दिसत होती, पण जायचं कसं?

फोनला रेंज फक्त बोटीच्या नाकाडावर, डोलकाठीची तार धरून उभं राहिलं तरच येई. धरणाच्या कचेरीतला माणूस सभ्यपणे बोलला. दरवाजे बंद करणं त्याच्या हातात नव्हतं. काम उद्या पहाटे संपेल, मग वरच्या धरणातून पाणी सोडतील आणि तलाव चढेल. अग्निशमनवाल्यांनी विचारलं, कुणी जखमी आहे का, बोटीत पाणी येतंय का. नाही म्हटल्यावर त्यांनी बजावलं की बोट सोडू नका, तिथे आमची गाडी चालत नाही आणि नावही चालत नाही.

लिफ्टवाला पायाचा चिखल खरवडत म्हणाला, “लिफ्टमध्ये माणूस अडकला की मी फोनवर सांगतो, घाबरू नका, आमचा माणूस निघालाय. कधीकधी माणूस निघालेलाही नसतो.”

दुपारी चष्मेवाल्याच्या मेव्हणीचा, म्हणजे लिफ्टवाल्याच्या बायकोचा, फोन आला. ताईच्या पोटात सकाळपासून कळा होत्या, ती अंगावर काढत बसली, शेवटी शेजारणीने मेव्हणीला बोलावलं. आता त्या दवाखान्यात होत्या. आतड्याला पीळ पडला होता, लगेच शस्त्रक्रिया करावी लागणार होती. तुम्ही कुठे आहात, किती वेळात पोचता, असं तिने विचारलं. चष्मेवाल्याने सांगायला तोंड उघडलं आणि त्याला कळेना की हे सांगायचं कसं. काठ एवढा जवळ दिसत असताना येता येत नाही, हे ऐकायलाच खुळ्यासारखं वाटत होतं.

मेव्हणीने फोन ताईच्या कानाला लावला.

“अहो,” ती हळू बोलत होती, “मी गॅस बंद केलाय का, ते कुणाला तरी बघायला सांगा.”

“सांगतो. मी येतोच आहे.”

“बरं,” ती म्हणाली, आणि फोन कुणीतरी काढून घेतला.

येतोच आहे, असं तो का म्हणाला ते त्याचं त्यालाही समजलं नाही. पण म्हटल्यावर तो थांबेना. गाद्या, फळ्या, शीड, हाताला लागेल ते चिखलावर अंथरून त्याने वाट करायला घेतली. पहिली गादी त्याच्या वजनाने बुडाली, दुसरी उलटली. लिफ्टवाल्याने त्याचा पट्टा धरून ठेवला नसता तर तो गेलाच असता.

“दादा, वर या. ताईला टाके घालायचेत, तेवढे पुरे आहेत,” लिफ्टवाला म्हणाला.

संध्याकाळच्या सुमाराला काठावर एक माणूस कुत्रं घेऊन फिरायला आला. दोघांनी दोन्ही हात हलवले, ओरडले, शीड फडकवलं. वारा उलटा होता. तो माणूस थांबला, त्यानेही आनंदाने हात हलवला, कुत्र्याचाही पंजा उचलून दाखवला, आणि गेला.

अंधार पडताना मेव्हणी फोनवर बोलली: हातभर आतडं काढावं लागलं, रक्तदाब खाली आहे, शुद्ध आलेली नाही, डॉक्टर काहीच ठाम सांगत नाहीत. चष्मेवाला तार धरून तिथेच बसून राहिला. लिफ्टवाल्याने तिरक्या बोटीत कसाबसा चहा केला. चष्मेवाल्याने तो हातात धरला आणि तसाच निवू दिला.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं, पण मुंगीच्या पावलांनी. आधी चिखलावरच्या भेगा भरल्या, मग बोटीच्या पोटाखाली बुडबुडे आले, आणि दुपार कलल्यावर ‘सवड’ एकदाची सरळ झाली. मोटर लावून ते बोट उतरवायच्या उतारावर पोचले, तर तिथल्या काँक्रीटचं खालचं टोकही अजून पाण्याबाहेर होतं, ट्रेलर खाली नेणं शक्यच नव्हतं. बोट तशीच नांगरून ते छातीभर चिखलपाण्यातून गाडीपर्यंत गेले. लिफ्टवाल्याने एका बुटावर गाडी चालवली.

थोरली शुद्धीवर आली होती. नाकात नळी, ओठ सुकलेले. चष्मेवाल्याच्या अंगावरचा चिखल वाळून त्याचे पोपडे फरशीवर पडत होते. त्याने तिचा हात धरला आणि सांगायला लागला, पाण्याचं, चिखलाचं, गाद्यांचं. तिने डोळे मिटून सगळं ऐकलं.

“मला वेळेवर यायला हवं होतं,” तो म्हणाला.

“तुम्ही असतात तरी काय केलं असतंत?” तिने विचारलं. त्यात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं असावं.

त्याने विचार केला. बाहेरच्या बाकावर बसला असता. चहा आणायला गेला असता आणि न पिता परत आला असता.

तेवढ्यात तिला कूस बदलायची होती. पलंग कुठून वर होतो ते तो शोधू लागला. त्याने एक दांडा ओढला तर पायाकडची बाजू उचलली गेली आणि ती कळवळली. मेव्हणी पुढे झाली, त्याला अलगद बाजूला केलं, डोकं वर घेतलं, पाठीशी उशी सरकवली. थोरलीने सुस्कारा सोडला.

थोरली घरी आली, पण हळूहळू, आणि पूर्वीसारखी कधीच नाही. दोन घास जास्त झाले तरी तिला कळा येतात. कळा आल्या की ती भिंतीकडे तोंड करून पडते आणि म्हणते, तुम्ही दुकानात जा. तो जात नाही. दाराशी खुर्ची टाकून बसतो, आणि कळ ओसरेपर्यंत तिच्या पाठीकडे बघत राहतो.