पोटावरचा हात

डॉक्टरांचे कान गेले होते. ही बातमी बाहेर फुटली नव्हती, कारण गुरांच्या डॉक्टरचे पेशंट चुगली करत नाहीत. डॉक्टर स्टेथोस्कोप लावायचे, गंभीरपणे मान डोलवायचे आणि खरं निदान हातानं करायचे. पोट त्यांना वाचता यायचं. छाती मात्र देवाच्या भरवशावर.

मुलगीही जनावरांचीच डॉक्टर झाली होती. मोठ्या इस्पितळानं प्राण्यांच्या हृदयाच्या तीन वर्षांच्या शिक्षणासाठी तिला जागा देऊ केली होती. उत्तर शनिवारी पाचच्या आत हवं होतं. ती गेली तर दवाखान्याला टाळं, हे बापलेकींनी एकमेकांना सांगितलं नव्हतं. काउंटरवरच्या मावशीनं दोघांना वेगवेगळं गाठून सांगितलं होतं.

आठवडाभर इथलं सगळं करून बघ, मग ठरव, असं डॉक्टर म्हणाले. तिनं नखं कापली, कान धुतले, जंतांचं औषध पाजलं. बुधवारपर्यंत तिचा चेहरा, गवयाला लग्नाच्या बँडमध्ये झांज वाजवायला बसवावं, तसा झाला.

शनिवारी सकाळी शिंपीकाका बोका घेऊन आले. तो दिवसभर शिलाईवर नजर ठेवायचा, म्हणून त्याचं नाव सुपरवायझर. दोन दिवस तो वाळूत बसून कुंथतो, पण काही होत नाही. बद्धकोष्ठ असावं, असं निदान काका घरूनच करून आले होते. मुलीनं छातीला स्टेथोस्कोप लावला आणि आठवड्यात पहिल्यांदा तिचे डोळे चमकले. ठोके संथ होते, मध्येच चुकत होते. तिनं ईसीजी काढला, पट्टीनं मोजला, पुन्हा काढला. हृदयाचा दुर्मीळ आजार दिसतोय, असं तिनं काकांना समजावलं. काका घाबरले आणि थोडे सुखावलेही. घरात एवढा मोठा आजार आजवर कुणाला झाला नव्हता.

यात पाऊण तास गेला. पलीकडच्या खोलीत कुत्र्याला टाके घालून डॉक्टर आले आणि सवयीनं त्यांनी बोक्याच्या पोटावर हात ठेवला. हात तिथेच थांबला. लघवीची पिशवी तुंबून दगडासारखी झाली होती. तिचं विष रक्तात गेलं होतं. हृदय बिचारं फक्त तक्रार करत होतं. दोघांनी नळी घातली, इंजेक्शनं दिली. त्यांचा उपयोग होण्याआधीच हृदय थांबलं.

शिंपीकाका चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बाई, केवढं बघितलंत हो त्याचं."

चार वाजता मुलगी बापासमोर बसली. ओठ दिसतील अशी बसली.

"बाबा, मी हो कळवते."

"आवडतं म्हणून?"

"नाही. तिथे येणाऱ्या जनावराच्या पोटावर आधी कुणीतरी हात फिरवलेला असतो."

"कुणी?"

तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं.

"थांब इथेच," डॉक्टर म्हणाले. "तुझे कान, माझा हात. दोघांचा मिळून एक डॉक्टर होतो."

"आज दोघंही इथेच होतो, बाबा."

पाचला दहा कमी असताना तिनं होकार पाठवला. डॉक्टरांनी मावशीला सांगितलं, पुढच्या महिन्यापासून कुणाला वेळ देऊ नका. तेवढ्यात फोन वाजला. पुढच्या महिन्याची वेळ मागणाऱ्याला मावशीनं दवाखाना बंद होतोय असं सांगितलं. मग आम्ही जायचं कुठे, असं पलीकडचा माणूस विचारत होता. मावशीनं फोनवर हात दाबून दोघांकडे पाहिलं. दोघंही टेबल पुसत होते.